सरोजमावशींची रविवारची चक्कर

सरोजमावशी बसत नसत. चहा उभ्यानं, जेवण ओट्याला टेकून उभ्यानं, वर्तमानपत्र फ्रिजच्या दारावर दाबून धरून उभ्यानं. टेक्सासातल्या अर्विंगमधल्या आमच्या मराठी घरांत पाहुणा दारात दिसला की त्यानं चपला काढायच्या आत तीन दिशांनी "बसा ना, बसा" सुरू होतं. मावशींना ते बिलकुल खपायचं नाही. दोनदा ऐकून घ्यायच्या, तिसऱ्यांदा म्हणायच्या, "पाय माझे आहेत ना गो? मग त्यांचं मी बघते." यजमानीणबाईंचा चेहरा उतरायचा. मावशी खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. बाहेर बघण्यासारखं पार्किंग सोडून काही नसायचं, तरी त्या ते लक्ष देऊन बघायच्या.

चालत्या मोटारीत मात्र खुशाल बसायच्या. गाडी सिग्नलला थांबली की बोटांनी डॅशबोर्ड वाजवायला लागायच्या, हिरवा लागला की शांत. त्याशिवाय पुढे आणखी एक जागा त्यांना बसायला सापडली. ती त्यांच्या हातून कशी गेली, ते सांगायचं आहे.

माझी-त्यांची गाठ पडली ती २००३ साली. इराकवर बाँब पडत होते आणि मी देशी दुकानाच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या वायपरखाली पत्रकं अडकवत होते. सांगलीत कॉलेजला असल्यापासून माझा हाच उद्योग. पाणी, भाडं, वसतिगृहातलं जेवण, कशावरही पत्रक. इथं शिकायला आले तरी हात शांत बसेना. आपली माणसं दुकानातून बाहेर यायची, तांदळाची पोती डिकीत टाकायची आणि माझं पत्रक न वाचता चुरगाळून ट्रॉलीत फेकायची. एक बाई मात्र गाडीला टेकून उभी होती. उंच, सावळी, फुलाफुलांच्या झग्यावर पुरुषी कोट. तिनं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. टेक्सासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"व्हॉट काइंड?" बाई म्हणाली.

मी गोंधळले. नंतर कळलं की डर्बनमध्ये 'काय, कसं काय'ला असं म्हणतात.

"पत्रक बरं आहे," बाई मराठीत म्हणाली. जुनं, कोकणातलं मराठी. "खाली जागा सोडायला हवी होतीस."

"कशाला?"

"वाचणाऱ्याला उलट शिवी लिहायला. नाहीतर त्याला वाटतं, ही एकटीच बोलणार. तुझ्याकडे मोटार आहे?"

"आहे. पण एसी चालत नाही."

"खिडक्या उघडतात ना? मग झालं तर."

पुढच्या रविवारपासून मी त्यांची ड्रायव्हर झाले आणि त्यांनी माझं नाव ठेवलं पत्रकवाली. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही शंका आहे.

मावशींचे आजोबा रत्नागिरीकडून शिवणकाम घेऊन डर्बनला गेले. वडील तिथंच शिंपी, ग्रे स्ट्रीटवर लहानसं दुकान. मावशींचा जन्म, लग्न, वैधव्य, सगळं त्याच शहरात. मुलगी वैशाली नर्स म्हणून अमेरिकेत आली, पुण्याच्या मिलिंदशी लग्न केलं, नागरिक झाली. डर्बनच्या घरात आई एकटी राहते म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला. आईचे कागद करायचे, तिकडचं घर विकायचं आणि तिला कायमची इथं आणायची, असा तिचा हट्ट. मावशींनी तिला एकच अट घातली होती. "मला इथं बसण्याजोगी एक जागा सापडू दे. मग तिकडच्या घराला विकायची पाटी लावू." वैशालीला वाटायचं, आई गंमत करते. तिनं मसाज करणारी मोठी खुर्ची आणली. मावशींनी तिच्यावर धुतलेले कपडे वाळत टाकले.

रविवारच्या चक्करचा नियम ठरलेला होता. पहिल्या रविवारी बघायचं, दुसऱ्या रविवारी उतरायचं. आमच्याकडे ब्राँझचे रानटी घोडे आहेत, दगडी चौकातून, उथळ पाण्यातून उधळत निघालेले. मी त्यांना तिथं घेऊन गेले, गाडी लावायला वळवली, तर मावशी ओरडल्या, "थांबू नकोस! फिरव, फिरव!" मी चौकाला तीन चकरा मारल्या. मावशी खिडकीतून अर्ध्या बाहेर.

"उतरा की आता. फुकट आहे."

"आज बघायचा रविवार आहे. बघ नीट. आता जागा सांग."

"कसली जागा?"

"तू इथं कुठं बसशील ती. मी त्या मागच्या घोड्याच्या शेपटीशी, पाण्यात पाय सोडून. माझी झाली ती. आता तू तिथं बसलीस तर भांडण."

मी म्हटलं, मला बसायचं असेल तिथं मी बसेन, आधी जागा कसली धरायची? मावशी हसल्या. "अस्सं? नशीबवान आहेस."

मग हळूहळू, चक्करमागून चक्कर, मला ते डर्बन कळत गेलं. रविवारी दुकान बंद. दुपारी वडील काकांची जुनी काळी मोटार मागून आणायचे. त्यात आईवडील, पाच पोरं आणि पोकळ केलेले पाव. पावाचा मऊ गर काढायचा, आत वालाची तिखट उसळ ओतायची, काढलेला गर झाकणासारखा वर ठेवायचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळायचं. मोटार समुद्राकाठच्या रस्त्याला लागायची. एका बाजूला हॉटेलं, दुसरीकडे हिरवळ, पोरांनी पाय बुडवायची निळी तळी, बाकं, दिव्यांचे खांब आणि त्यापलीकडे समुद्र. काठावर सजवलेल्या रिक्षा ओढणारे झुलू गडी, डोक्यावर शिंगं आणि पिसं, अंगभर मणी. वारा फिरला की पलीकडच्या टेकाडावरून देवमासे कापायच्या कारखान्याची घाण यायची आणि सगळी पोरं एकदम नाक धरायची.

आणि उतरायचं नाही. ती हिरवळ, ती तळी, ती बाकं गोऱ्यांची. हिंदी लोकांना किनाऱ्याचा वेगळा तुकडा होता, तिथं पाणी अंगावर यायचं. म्हणून मोटारीतून चक्कर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागं. पाव मोटारीतच खायचे. आणि चालता चालता प्रत्येकानं आपली जागा निवडायची. एकदा निवडली की बदलायची नाही, दुसऱ्यानं घ्यायची नाही. थोरल्या भावानं हॉटेलचा सज्जा घेतला. आईनं तळ्याची पायरी. सरोजनं तळ्यांपुढच्या तिसऱ्या दिव्याजवळचा बाक, डावं टोक.

"आणि वडिलांनी?"

"बापूंनी कधीच घेतली नाही. म्हणायचे, मी चालवतोय, मला कुठं बसायचंय."

माझं डोकं तापलं. गाडी चालवता चालवता मी भाषण ठोकलं. लहान मुलांना खिडकीच्या काचेतून स्वप्नं बघायला लावणारी व्यवस्था वगैरे. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्वप्नं नव्हती गो. मजा यायची. तू त्यातली मजा काढून घेऊ नकोस."

"मग तो कायदा गेल्यावर तुम्ही बसलात ना तिथं?"

"गेले होते की. बाकाच्या मागं उभी राहिले."

"बसला नाहीत?"

"उशीर झाला होता. मासळी आणायची होती."

हे असं. विचारलं की मासळी आडवी यायची, नाहीतर केरसुणी, नाहीतर दूध. त्यांच्या सगळ्या गोष्टी अशा ऐन जागी उठून जायच्या.

मग तळं आलं. वैशालीच्या अपार्टमेंटसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंगल्यांची नवी वसाहत आणि तिच्या मधोमध खोदून केलेलं तळं. बदकं, वळणावळणाची पायवाट, चार बाकं. पायवाटेला कुंपण नव्हतं. अपार्टमेंटात मुलांकडे आलेले आपले आजी-आजोबा संध्याकाळी तिकडे फेरी मारायचे. पांढरे बूट, साडी, वर स्वेटर. नागपूरचे देशपांडेकाका बदकांशी हिंदीत बोलायचे. का विचारलं तर म्हणायचे, "राष्ट्रभाषा आहे, त्यांना समजत असेल."

मावशींनी तळ्याला पहिल्या रविवारी चकरा मारल्या. दुसऱ्या रविवारी उतरल्या. पायवाटेनं चालत एका बाकापाशी गेल्या आणि बसल्या. डाव्या टोकाला. मी बघत राहिले. पाठ टेकली, हात मांडीवर, डोळे पाण्यावर. उन्हं कलली तरी उठायचं नाव नाही. शेवटी मीच कंटाळले.

"मावशी, आज बसलात?"

"इथं मला कुणी बस म्हटलं नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं विनोद केला. मी हसलेसुद्धा.

त्यानंतर रोज संध्याकाळी मावशी त्याच बाकावर असायच्या. वैशालीनं डर्बनच्या दलालाला घराचे फोटो पाठवायचं ठरवलं. मावशी नाही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वसंतात तळ्यावर पाटी लागली. पायवाट आणि बाकं फक्त वसाहतीतल्या रहिवाशांसाठी, बाकीच्यांनी वापरू नये. पाठोपाठ पांढऱ्या पोलो शर्टातली दोन राखणदार माणसं फिरायला लागली. त्यांनी कुणाला धक्का मारला नाही की आवाज चढवला नाही. फार सभ्यपणे, हसत, देशपांडेकाकांना विचारलं, "सर, आपण इथं राहता का?" काकांनी सभ्यपणे, हसत उत्तर दिलं, "मी नागपूरला राहतो." त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला माणूस बरोबर आला. वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं म्हणणं असं कळलं की हल्ली तळ्यावर 'गर्दी' होते. गर्दी म्हणजे संधिवाताची आठ-दहा माणसं. त्याच पायवाटेवर शनिवारी दोन डझन सायकली सुसाटायच्या, ती गर्दी नव्हती.

मी पेटले. रात्रीत पत्रक तयार. मथळा ठळक अक्षरांत: टेक्सासमधली वर्णद्वेषी राजवट. खाली मावशींची सगळी कहाणी. समुद्र, मोटार, बाक, पाव. सकाळी त्यांच्या हातात दिलं. फ्रिजशी उभ्या राहून त्यांनी ते वाचलं आणि मथळ्यावर नख ठेवलं.

"हे नाव काढ."

"का? तुम्ही तर भोगलंय!"

"मी मोटारीतून बघितलं. ज्यांच्या अंगावर ते होतं, त्यांना विचारलंस? नाही ना? मग काढ. लहान गोष्टीला मोठ्या गोष्टीचा झगा घातलास की दोघींची चेष्टा होते. आणि माझा पाव पण काढ. त्याचा इथं काय संबंध?"

"मग करायचं काय? गप्प बसायचं?"

"बसायचं कुठं म्हणतेय मी? चक्कर मारायची."

कल्पना त्यांची, अगदी साधी. तळ्याभोवतीचा रस्ता शहराचा होता, कुणाच्या बापाचा नव्हता. रविवारी दुपारी सगळ्या आजी-आजोबांना गाड्यांत भरायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि तळ्याभोवती सावकाश फिरायचं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. जेवण गाडीत. आणि जाता जाता प्रत्येकानं आपापली जागा निवडायची, मोठ्यानं.

पहिल्या रविवारी सात गाड्या आल्या. मुलं-सुना गाडी चालवत होत्या, थोडी मजा म्हणून, थोडी मावशींच्या धाकानं. "तो विलोच्या झाडाखालचा बाक माझा!" देशपांडेकाका खिडकीतून ओरडले. "तो मी घेतला आहे," मागच्या गाडीतून कुणाची तरी आई. "अहो, तुम्ही मागच्या फेरीत बदकांची पायरी घेतली होती!" "बदलली!" "बदलता येत नाही!" मावशी माझ्या गाडीतून पंचासारख्या हात हलवत होत्या. थालीपिठाचा वास साऱ्या वसाहतीत सुटला. बंगल्यांच्या दारात माणसं आली. संघटनेची अध्यक्षीण, चापूनचोपून बसवलेले केस, फुटपाथवर येऊन उभी राहिली आणि माझ्या खिडकीशी वाकली.

"मी काही मदत करू शकते का?"

"नो डिअर," मावशी म्हणाल्या. "वी आर ओन्ली चूझिंग."

चौथ्या फेरीला ती घरात गेली. तिचा पडदा मात्र हलत राहिला. मला त्या दिवशी वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या रविवारी तीन गाड्या. मी फोनवर फोन केले. "यार, माझी ग्रीन कार्डची फाइल चालू आहे, उगाच लफडं नको." "आईबाबांना आम्ही मॉलमध्ये वॉकला नेतो, एसी असतो." "तू स्टुडंट आहेस, तुला काय जातंय?" ही लेखी परीक्षेत देशात पहिली आलेली माणसं. पेट्रोल पंपावर कुणी 'परत जा' म्हणालं तरी टाकी भरून, 'थँक यू' म्हणून निघणारी. मी त्यांना फोनवर काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. म्हटलं त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. तिसऱ्या रविवारी तळ्याभोवती माझी एकटीची गाडी होती, आत मावशी आणि मी. तरी त्यांनी सगळ्या चकरा मारायला लावल्या.

मिलिंदनं मात्र वेगळा मार्ग काढला. त्याला त्या वसाहतीत बंगला घ्यायचा होता. तळ्याकाठच्या एका घराची बोलणी चालली होती, त्यामुळे सासूबाईंच्या चकरांनी त्याची झोप उडालेली. त्यानं संघटनेला गोड इमेल लिहिलं. आमची वडीलधारी माणसं, संस्कृती, आदर. उत्तर आलं. शेजारच्या अपार्टमेंटातल्या ज्येष्ठांना खास बाब म्हणून पास देण्यात येईल. फोटोसकट. तळ्यावर असताना गळ्यात घालावा.

तो पास घेऊन घरी आला तेव्हा मी तिथंच होते. वैशालीनं केक आणला होता.

"आई, झालं काम!" मिलिंद म्हणाला. "आता कुणी अडवणार नाही. फक्त हे गळ्यात घालायचं. सो सिंपल."

निळ्या दोरीला चकचकीत कार्ड. मावशींचा फोटो, नाव, खाली 'पाहुण्या'. मावशींनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, दिव्याखाली धरलं.

"पास," त्या म्हणाल्या.

"मा, प्लीज, बस ना आता," वैशाली रडकुंडीला आलेली. "केक कापूया. सिट डाऊन फॉर वन्स!"

मावशींनी कोट उचलला. "पत्रकवाली, मोटार काढ."

दिवस बराच होता अजून. तळ्याला एक चक्कर झाली, दुसरी झाली. मावशी पास बोटाला गुंडाळत, सोडत होत्या. तिसऱ्या चकरेला बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून.

"सिफो नावाचा रिक्षावाला होता. त्याच्या पोशाखाला झालर, गोंडे बापू लावून द्यायचे. रविवारी समुद्रावर आमची मोटार दिसली की रिक्षाचे दांडे वर उचलून ही एवढी उडी मारायचा, फक्त आम्हा पोरांसाठी. मागं बसलेली गोरी मडम किंचाळायची. आम्ही हसून लोळायचो. एक दिवस त्यानं आपला रोजचा कोट टाकला दुकानात, अस्तर बदलायला. मी दहा-अकरा वर्षांची. कोट मांडीवर घेऊन उसवत बसले होते. आतल्या खिशात काहीतरी जाड लागलं. त्याचा पास. काळ्या माणसाला पासाशिवाय रस्त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. आम्हा हिंदी लोकांना तो नसायचा. बाहेर शिट्टी वाजली. बघते तर पोलिसांची गाडी, आणि सिफो नुसत्या बंडीवर उभा. दुकानाकडे बोट दाखवतोय, सांगतोय, आत आहे, कोटात आहे. पोलीस काय ऐकतो. मी कोट घेऊन उठले."

गाडी आपोआप सावकाश झाली होती.

"बापू मशीनवर होते. वर बघितलं नाही त्यांनी. पाय चालूच. म्हणाले, सरू, बस."

"मग?"

"मी बसले."

एक बदक रस्ता ओलांडत होतं. मी गाडी थांबवली. या वेळी त्यांनी डॅशबोर्ड वाजवला नाही.

"मशीनखाली कापड नव्हतं गो. नुसती चालवत होते. पोलिसांची गाडी गेली तेव्हा थांबले. मग स्वतः कोट घेऊन चौकीवर गेले. संध्याकाळी कोट हातात घेऊनच परत आले. दुकानाचा परवाना होता, पाच पोरं होती, मी बापूंना काही म्हणत नाही. सिफो परत आला नाही. कुठं नेला, कुणाला माहीत. तो कोट नवं अस्तर लावून बरीच वर्षं खुंटीला होता."

"त्या रविवारी चक्कर मारलीत?"

"मारली. जागापण निवडल्या." बदक पलीकडे पोचलं. "आता सांग, हा गळ्यात घालून मी त्या बाकावर बसू?"

मी गाडी सुरू केली आणि आणखी एक चक्कर मारली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वसाहतीच्या कार्यालयात घेऊन गेले. अध्यक्षीणबाई उठून उभी राहिली, तोंडभर हसली, खुर्ची पुढे केली. "प्लीज, हॅव अ सीट." मावशी उभ्याच राहिल्या. दोरीची नीट घडी घालून पास टेबलावर ठेवला.

"थँक यू. इट्स व्हेरी वेल मेड. आय हॅव सीन वन बिफोर."

बाईला काही कळलं नाही. "यू आर सो वेलकम!" ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी उसळले. "सांगायचं होतं ना तिला सगळं! तोंडावर!"

"तिला काय सांगू? ती कुठं होती तेव्हा? जी होती तिनं काय केलं ते सांगितलं तुला काल." आणि लगेच, "चल, विमानाच्या तिकिटाचं बघू. उभ्याउभ्या होईल ना?"

घराचे फोटो दलालाला कधीच गेले नाहीत. विमानतळावर वैशाली माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते तिच्या आईला माझ्या पत्रकांनी नेलं. आईच्या गळ्यात पडून ती म्हणत होती, "इट्स जस्ट अ बेंच, मा." मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "बाकासाठी नाही गो जात. बाकासाठी असतं तर राहिले असते." मला म्हणाल्या, "पत्रकवाली, खाली जागा सोडत जा." सामानाची तपासणी, बूट काढायची रांग, तिथं खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्या एका पायावर उभ्या राहून बूट काढताना मला शेवटच्या दिसल्या.

मिलिंदनं तळ्याकाठचा बंगला घेतला. त्याच्या मागच्या अंगणातून तो बाक दिसतो. पाटी अजून आहे. त्या बाकावर रहिवासीही कुणी बसत नाहीत, सगळे पळत असतात, नाहीतर सायकलवर. मी शिक्षण संपल्यावर अर्विंग सोडलं. मॉरिसव्हिलला गेले, मग चँडलरला. आजही नव्या गावात पत्रक लिहायच्या आधी एक रविवार नुसती चक्कर मारते. आणि खाली जागा सोडते. तिथं येणाऱ्या शिव्या बऱ्याच वेळा माझ्या मजकुरापेक्षा चांगल्या असतात.

२००८ साली मावशी गेल्या. डर्बनमध्येच. वैशालीनं मला कळवलं, इतक्या वर्षांनी फोन करून. बाजारातून येताना वाटेतच गेल्या म्हणाली. मला ठाऊक होतं, उभ्याच असणार.

त्याआधी त्यांचा मला एकदाच फोन आला होता, डर्बनला परतल्यावर साताठ महिन्यांनी. इथं सकाळ, तिथं संध्याकाळ. मागं वाऱ्याचा आवाज आणि मोटारींचा.

"व्हॉट काइंड, पत्रकवाली? समुद्रावर आले आहे. तिसऱ्या दिव्यापाशी."

"मग? बसलात की नाही बाकावर?"

"जागेवर बाई होती गो कुणीतरी. माझ्याच वयाची, झुलू. पायाशी बाजाराच्या पिशव्या. नेमकी डाव्या टोकाला. मी मागं उभी राहिले, बराच वेळ. तिनं मागं वळून बघितलं. काही म्हणाली नाही. नुसत्या पिशव्या ओढून घेतल्या आपल्याकडे."

"आणि?"

"बसले मी उजव्या टोकाला."

माझ्याच्यानं राहवेना. "बोललात तिच्याशी? किती वेळ बसलात?"

मला वाटलं, आता मासळी येणार आडवी.

"ती उठेपर्यंत," मावशी म्हणाल्या.